रिकाम्या वाड्याचे चित्र

आमचा वाडा पाडला गेला त्या दिवशी आम्ही गावातच होतो. पण पाहावयास गेलो नाही. बडोद्याच्या दांडिया बाजाराच्या पाठीमागे गल्ल्यांची जी गुंतवळ आहे, तिच्यातल्या एका गल्लीच्या टोकाशी तो उभा होता. वाडा म्हणण्याजोगा तो मोठा नव्हता, हे आता कबूल करावयास हरकत नाही. एक चौक, चौकाभोवती सोपा, मागे विहीर, वर माडी, आणि माडीवर जाण्यास दोराला धरून चढावा लागे असा अंधारा जिना, एवढाच काय तो पसारा. पण आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत कारकून होते आणि पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तो बांधला होता. तेव्हा घरातली सारी माणसे त्याला 'वाडा'च म्हणत, आणि बाहेरची माणसेही, आम्हांस वाईट वाटू नये म्हणून, तसेच म्हणत.

२०१६ साली तो विकला गेला. 'विकला गेला' ही कर्मणी भाषा आम्ही पुष्कळ दिवस वापरीत होतो. तो आमच्या धाकट्या बंधूंनी विकला, असा तिचा अर्थ ऐकणाऱ्याने आपला आपण काढावा, अशी त्यात सोय होती. बंधू शेवटपर्यंत त्या घरात राहिले. आम्ही १९८८ पासूनच विश्वामित्रीच्या पलीकडे, एका सोसायटीत छोटीशी बंगली बांधून राहत होतो. ज्या बिल्डरने ती जागा घेतली, त्याने तेथे सात मजली इमारत उठवली. बंधूंना तिच्यात चौथ्या मजल्यावर एक ब्लॉक दिला आणि आम्हांस आमच्या हिश्शाचे पैसे दिले. पैसे आम्ही घेतले, आणि त्यानंतर तीन वर्षे त्या गल्लीत पाऊल टाकले नाही. गणपतीचे बोलावणे आले की आमचा गुडघा दुखू लागे. भाऊबीजेला बहीण त्यांच्याकडे उतरली की आम्हांस नेमके कोठेतरी जावयाचे असे. बंधूंना यातले सगळे कळत असावे. पण ते बोलावणे पाठवीत राहिले आणि आम्ही निमित्ते काढीत राहिलो.

या मासिकाच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना ही कथा नवी वाटेल. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, जेथे जेथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे तेथे प्रत्येक कुटुंबाच्या पदरी एक पडलेला वाडा आहेच. गोव्याकडील मंडळींचे घर कौलारू असेल आणि त्याच्या दारी बल्कांव असेल, इतकाच काय तो फरक. चार माणसे जमली, चहाचा दुसरा पेला झाला, की तो पडलेला वाडा पुन्हा उभा राहतो. दर खेपेस त्याच्या तुळया थोड्या अधिक जाड होतात, विहिरीचे पाणी थोडे अधिक गोड होते, आणि शेवटी कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, "गाव आता ओळखू येत नाही." आम्ही हे वाक्य इतक्यांदा म्हटले आहे की ते आमचेच असावे असे आम्हांस वाटू लागले होते.

बडोद्यातच रावपुऱ्यात तांबेकरांचा वाडा आहे. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या चार मजली वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात काढलेली चित्रे आहेत: महाभारतातले प्रसंग, कृष्णचरित्र, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया. त्या चित्रांमुळे पुरातत्त्व खात्याने तो वाडा संरक्षित केला आणि तो राहिला. आमच्या भिंतींवर चित्रे नव्हती. देवघराच्या कोनाड्याखाली समईच्या तेलाचा एक मोठा डाग मात्र होता. डाग पाहून कोणी घर राखीत नाही. चित्रे असती तर आमचाही वाडा वाचला असता, असे आम्ही विनोदाने म्हणत असू. आणि चित्र व घर यांचा याहून निराळा काही संबंध असू शकेल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

हा संबंध आमच्या ध्यानात आला तो मुंबईत. २०१९ च्या डिसेंबरात एका कामासाठी तिकडे जाणे झाले. काम दुपारीच आटोपले. परतीची गाडी रात्रीची. वेळ काढावा म्हणून आम्ही राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात शिरलो. पूर्वीचा कावसजी जहांगीर हॉल तो हाच. १९११ साली विटेट यांच्या आराखड्याने उभा राहिलेला हा सभागृहाचा वाडा १९९६ पासून चित्रांचे घर झाला आहे. बाहेरून पाहावे तर जुन्या मुंबईचा दगडी थाट तसाच आहे. आत मात्र पार मोडतोड करून अर्धवर्तुळाकार दालने जिन्याजिन्यांनी एकावर एक चढवली आहेत. जुन्याच्या पोटात नवे घालून जुन्याला जगवण्याचा हा प्रकार त्या वेळी आमच्या नजरेत भरला नाही. आम्ही पंख्याखाली बसावयास एखादा बाक शोधीत होतो.

आत प्रदर्शन होते सुधीर पटवर्धन यांचे. त्यांच्या साऱ्या आयुष्यातल्या चित्रांचा मोठा पट तेथे मांडला होता. आम्ही चित्रकलेतले जाणकार नव्हे. ज्या गावात इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे १९५० साली येऊन विद्यापीठात चित्रकला शिकवू लागले, त्या गावात जन्म काढूनही आम्हांस त्या कलेचा गंध फारसा लागला नाही. पण पटवर्धनांच्या चरित्राने आमचे कुतूहल जागे झाले. १९४९ साली पुण्यात जन्मलेला हा मनुष्य चित्रशाळेत शिकलेला नाही. १९७२ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. पुढल्या वर्षी मुंबईस आला, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिला. चित्रे काढावयाची ती या कामातून उरलेल्या वेळात.

ठाणे हे गावही लक्षात घेण्याजोगे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ज्या गावापर्यंत धावली, ते हे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, येथेच झाली. तलावांचे, देवळांचे, वाड्यांचे एक जुने गाव. त्याच्या एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास डोंगर. आणि मध्ये, कारखान्यांच्या मागोमाग येणारी माणसांची लाट. ही लाट कोणी मुंबईतल्या उंच गच्चीवरून पाहिली असेल. पटवर्धनांनी ती दवाखान्यातून पाहिली. पाठीत उसण भरलेला हमाल, छातीत दुखणारा कामगार, बोट यंत्रात गेलेला पोरगा ही माणसे शहर बदलते तेव्हा त्याच्या खाली सापडतात आणि नंतर डॉक्टरकडे येतात.

आम्ही दालनात शिरलो तेव्हा मनात एक अपेक्षा होती. शहराचा चित्रकार म्हणजे जुन्या इमारतींचा चाहता, असा आमचा समज. कमानी, घुमट, लाकडी गॅलऱ्या, पावसात चमकणारा फरसबंदी रस्ता आणि या सगळ्यांवर मावळतीचे ऊन, असे काही पाहावयास मिळेल आणि आपल्या दुःखाला जोडीदार भेटेल, असे वाटले. पण 'इराणी रेस्टॉरंट' हे १९७७ चे चित्र घ्या. नावात हॉटेल आहे; चित्रात मुख्य आहे तो माणूस. 'ट्रेन' १९८० चे, 'ओव्हरब्रिज' १९८१ चे. नावे पाहिली तर सगळी लोखंड, दगड आणि सिमेंट यांची. आणि आत पाहावे तर माणसे. तीही सुंदर नव्हेत. जाड मानेची, थकलेली, अंगावरचे कपडे चुरगळलेली, आपण कोणाच्या चित्रात आहोत याची दादही नसलेली. रोज गाडीत ज्यांच्याशेजारी आपण बसतो आणि ज्यांच्याकडे पाहत नाही, तीच ती माणसे.

'टाउन' या १९८४ च्या चित्रापासून पुढे मोठाले फलक येतात आणि शहर त्यांत पसरत जाते. 'पोखरण' नावाचे चित्र आहे. त्यातले पोखरण राजस्थानातले नव्हे, ठाण्यातल्या पोखरण रोडचे. 'उल्हासनगर' आणि 'लोअर परळ' ही दोन्ही २००१ सालची. काही चित्रे आम्ही भिंतीवर पाहिली, काही सोबत आणलेल्या पुस्तकात. आता मनात ती सारी एकाच भिंतीवर लागलेली आहेत. ही दोन नावे घेतली की दोन मोठ्या उलथापालथी डोळ्यांपुढे येतात. कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पडली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. घर हरवलेल्या माणसांनी वसवलेले ते शहर. लोअर परळ ही गिरणगावातली पेठ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे कामावरून उतरली, आणि त्यांतली बहुतेक पुन्हा कामावर चढलीच नाहीत. गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग व्हावेत, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकांसाठी, असा नियम १९९१ साली झाला होता. २००१ साली तो बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि जिच्यावर इमारती उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. ज्या साली हा बदल झाला त्याच सालचे हे चित्र आहे. रेल्वेचे रूळ, गिरण्यांची धुराडी, बैठी वस्ती आणि त्यांच्या मागून डोके वर काढणारे मनोरे, हे सारे एकाच फलकावर शेजारी शेजारी नांदत आहे.

या चित्रांपुढे आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलो, आणि आपण कोठे उभे आहोत हेच कळेना. म्हणजे असे, की चित्रात जे जे दिसते ते एका जागी उभे राहून एका माणसाला दिसणे शक्य नाही. एक रस्ता गच्चीवरून पाहिल्यासारखा खाली पसरलेला. त्याला लागून असलेले घर मात्र समोर उभे राहून पाहिल्यासारखे. पलीकडची टेकडी तिसऱ्याच ठिकाणाहून. छायाचित्रकार एका जागी उभा राहून कळ दाबतो. हा चित्रकार शहरातून चालत गेला आहे, आणि चालता चालता जे पाहिले ते त्याने एका फलकावर सांधले आहे. आपले गाव आपल्यालाही असेच ठाऊक असते. आपण ते एका ठिकाणाहून कधी पाहिलेले नसते. शाळेच्या वाटेवरून, दवाखान्याच्या बाकावरून, स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून असे तुकड्यातुकड्यांनी ते मनात साठलेले असते.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या चित्रांत जुने पडत आहे आणि नवे उठत आहे. पण पडणाऱ्यासाठी येथे कोणी गळा काढलेला नाही, उठणाऱ्यासाठी कोणी चौघडा वाजवलेला नाही. मनोरा चांगला की चाळ चांगली, असा निवाडा शोधावयास जावे तर हाती काही लागत नाही. चित्रकाराचा प्रश्न निराळा आहे: येथे राहते कोण? कोण आले, कोण गेले, कोण मधल्या फटीत अडकून राहिले? कवी आणि समीक्षक रणजित होस्कोटे यांनी २००४ साली पटवर्धनांवर एक पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर'. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, घडणाऱ्या गोष्टीत स्वतःही वाटेकरी असलेला साक्षीदार. शब्द मार्मिक आहे. जो मध्यमवर्गीय डॉक्टर बदलत्या ठाण्याची चित्रे काढतो, त्याचे स्वतःचे घरही त्याच बदलाने उभे केलेल्या गावात असते. तो कडेला उभा राहून 'हे काय चालले आहे' असे म्हणू शकत नाही. आम्ही मात्र तीन वर्षे तेच म्हणत आलो होतो; आणि विक्रीच्या कागदावर दोन सह्या होत्या, त्यांतली पहिली आमची होती.

पटवर्धनांच्या चरित्रात बडोद्याचाही एक धागा गुंतलेला आहे. १९८१ साली मुंबई आणि दिल्ली येथे सहा चित्रकारांचे 'प्लेस फॉर पीपल' या नावाचे प्रदर्शन भरले. माणसांना जागा द्या, असे जणू त्या नावातूनच म्हटले होते. त्या सहांत पटवर्धन होते, आणि आमच्या बडोद्याचे भूपेन खख्खर व गुलाममोहम्मद शेखही होते. त्याच साली शेख यांनी 'सिटी फॉर सेल' हे मोठे चित्र हाती घेतले. ते १९८४ साली पुरे झाले आणि पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. त्यातले शहर बडोदेच आहे. एकीकडे दंगल पेटलेली, एकीकडे चित्रपटगृहात 'सिलसिला' लागलेला, आणि समोर भाजीची गाडी घेऊन निघालेली बाई. ती दंगलीची वर्षे आम्ही याच गावात काढली आहेत. आमच्या वाड्याच्या आठवणींत ती वर्षे कोठेच नाहीत, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम जाणवले. दिंडी लावून घेतली की बाहेरचे शहर संपते, अशी त्या घराची रीत होती.

शेख यांना एका जुन्या इटालियन चित्रकाराचा मोठा जिव्हाळा. त्या चित्रकाराचे नाव अँब्रोज्यो लॉरेंझेत्ती. सिएना नगरीच्या नगरभवनात त्याने १३३८-३९ च्या सुमारास भिंती रंगवल्या. राज्य चांगले चालले तर शहर कसे दिसते, हे एका भिंतीवर. वाईट चालले तर कसे, हे दुसरीवर. चांगल्या शहरात दुकाने उघडी आहेत, गाढवांवरून माल येत आहे, मुली फेर धरून नाचत आहेत. आणि सगळ्यांच्या वर, आभाळाच्या कडेला, एका अपुऱ्या इमारतीच्या परांचीवर गवंडी काम करीत आहेत. पुऱ्या झालेल्या, नटलेल्या, कायमच्या थांबलेल्या शहराचे चित्र काढणे त्या चित्रकारास अवघड नव्हते. पण शहर सुखी आहे हे दाखवण्यासाठी त्याने त्याला अपुरे ठेवले. वाईट राज्याच्या भिंतीवर घरे आहेत ती मोडकळीस आलेली; तेथे बांधणारा हात दिसत नाही. परांची दिसली की आम्ही आजवर तोंड फिरवीत आलो. तिच्यावर कोण उभे आहे, हे पाहावे असे आम्हांस कधी सुचले नाही.

रात्रीच्या गाडीत झोप येईना. वरच्या दिव्याच्या उजेडात आम्ही हिशेबाची वही काढली आणि तिच्या मागल्या पानावर वाड्याचे चित्र काढू लागलो. चित्रकला आमची शाळेतली, पण घर ओळखू येण्याइतपत हात वळला. दिंडी दरवाजा काढला. चौक काढला, मधोमध तुळशीवृंदावन. सोप्याचे खांब मोजून काढले, पूर्वेस चार, पश्चिमेस चार. झोपाळा, विहीर, विहिरीवरचा राहाट, माडीची गजांची खिडकी. वापी मागे पडले तेव्हा चित्र पुरे झाले होते. आम्ही ते समाधानाने हातभर दूर धरून पाहिले, आणि तेव्हा ध्यानात आले की त्यात एकही माणूस नाही.

विसरलो असू म्हणून आम्ही काढावयास गेलो, तर पेन्सिल चालेना. झोपाळ्यावर कोण बसे? वडील, हे उघड आहे. पण मागल्या खोलीत जे बिऱ्हाड होते त्यांचे आडनाव काय? विहिरीपाशी भांडी घासणारी बाई कोणत्या वस्तीतून येई? आणि आई? आई कोठे काढावी? २०१० साली ती त्या अंधाऱ्या जिन्यावरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर दोन वर्षे तिला माडीवरून खाली आणता आले नाही. चौक, तुळस, झोपाळा, ज्या ज्या गोष्टींसाठी आम्ही गळा काढीत आलो, त्या सगळ्या तिने त्या दोन वर्षांत गजांच्या खिडकीतून पाहिल्या. मोरी खाली, संडास चौकापलीकडे, पाणी विहिरीवर. तिचे सारे वर नेण्याचे आणि खाली आणण्याचे काम कोणी केले? धाकट्या बंधूंनी आणि भावजयीने. आम्ही दर रविवारी जात होतो. झोपाळ्यावर बसून चहा घेत होतो, आणि निघताना कडीपाटाकडे पाहून "असे लाकूड आता मिळायचे नाही" असे म्हणत होतो.

येथे वाचकांचा गैरसमज होऊ नये. जे पडते ते पडण्यासारखेच असते आणि जे उठते ते लोकांच्या भल्यासाठीच उठते, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. गिरणगावच्या जमिनीची वाटणी ज्यांच्या हातून निसटली, त्यांचे दुःख खरे आहे. तांबेकरांचा वाडा राखला गेला, हे फार चांगले झाले. बडोद्याच्या पोळींतली कितीतरी घरे थोडी डागडुजी करून, एक मोरी आणि एक उजेडाचा जिना घालून वाचवता आली असती. आमचेही कदाचित आले असते. पण ती डागडुजी घर उभे असताना करावयाची असते, आणि ती करावयास तेथे राहणाऱ्याची अडचण आधी दिसावी लागते. आम्हांस घर दिसत होते, अडचण दिसत नव्हती. पाडणाऱ्या बिल्डरनेही जागा पाहिली, माणसे पाहिली नाहीत. मग त्याच्यात आणि आमच्यात अंतर ते किती, असा प्रश्न त्या गाडीत मनात आला आणि अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या गल्लीत गेलो. दिंडीच्या जागी मोटारी ठेवावयाची जागा आहे. शेजारचेही घर उतरवलेले, आणि तेथे परांची बांधलेली. दाहोदकडची आदिवासी जोडपी कामावर होती, आणि वाळूच्या ढिगावर एक पोर निजले होते. लिफ्टमध्ये आम्हांस चुकून तिसऱ्या मजल्याचे बटण दाबले गेले. उरलेला मजला जिन्याने चढलो. जिना रुंद होता. त्याला खिडकी होती.

दार भावजयीने उघडले. तीन वर्षांनी आलेला दीर पाहून तिने काही विचारले नाही. "या, बसा," एवढे म्हणून ती आत वळली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. बंधू वर्तमानपत्र वाचीत होते. ते उठून उभे राहिले.

"अण्णा, गुडघा कसा आहे?" त्यांनी विचारले.

"बरा आहे," आम्ही म्हटले. त्या प्रश्नात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो आम्हांस लागला.

आम्ही वही काढून चित्र त्यांच्यापुढे ठेवले. बंधूंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "राहाट डाव्या अंगाला होता, अण्णा. उजवीकडे धुण्याचा दगड." मग थोडे थांबून, "बाकी बरोबर आहे."

"मागच्या खोलीत राहायचे त्यांचं नाव सांग बघू," आम्ही म्हटले.

त्यांनी आडनाव सांगितले. त्यांच्या तिन्ही मुलांची नावे सांगितली. थोरला सुरतेस असतो हेही सांगितले. आम्ही लिहून घेतले. भांडी घासणाऱ्या बाईचे नाव भावजयीने आतून सांगितले; तिची नात अजून या इमारतीत कामाला येते म्हणे. पाणी भरणारा गडी, श्रावणात सोवळ्याचा स्वयंपाक करावयास येणाऱ्या बाई, परीक्षेच्या वेळी माडीवर येऊन अभ्यास करणारे दोन विद्यार्थी, वडिलांच्या कचेरीतले एक एकटे गृहस्थ जे जेवावयास म्हणून आले आणि अकरा वर्षे राहिले. एका नावावरून आमचा वाद झाला आणि तो जुन्या दिवसांसारखा झाला, आवाज चढवून. चहा दोनदा झाला. दिवेलागण झाली तेव्हा वहीत बावीस नावे झाली होती, आईचे पहिले.

तेविसावी एक बाई होती. आमच्या लहानपणी ती रोज पहाटे मागल्या दाराने येई आणि संडासाची घाण डोक्यावरून वाहून नेई. वाड्यात नळ आणि ड्रेनेज येईपर्यंत ती येत होती. म्हणजे पंधरा-वीस वर्षे तरी. तिचा आवाज बंधूंना आठवत होता. मागल्या दाराची कडी ती कशी वाजवी, हे आम्हांस आठवत होते. तिचे नाव दोघांनाही आठवेना, आणि मग बंधू हळूच म्हणाले, "आठवेल कसं, अण्णा? आपण कधी विचारलंच नव्हतं."

आम्ही तेविसावा आकडा घातला, आणि त्यापुढची ओळ कोरी ठेवली.